भर दुपारी नागपुरातून रात्रीचं आकाश

नागपुरात फिजिक्स घेऊन बीएस्सी, एमएस्सी करणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: बदलत्या आकाशाच्या सर्वेक्षणांत काम करायचं आहे, तर दुर्बीण कोणती घेऊ? मी सांगते, आत्ता कुठलीच घेऊ नका. ते पैसे बऱ्यापैकी लॅपटॉप आणि चांगल्या इंटरनेटवर घाला.

कारण या सर्वेक्षणांत दुर्बिणी आपल्या आपण चालतात. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत २०१८ पासून झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, म्हणजे झेडटीएफ, हे सर्वेक्षण सुरू आहे. तिथल्या ४८ इंची दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात एका वेळी ४७ चौरस अंश आकाश मावतं. पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र बसतील एवढं. ३० सेकंदांचं एक छायाचित्र झालं की दुर्बीण पुढच्या तुकड्याकडे वळते. प्रत्येक नव्या छायाचित्रातून त्याच जागेचं जुनं संदर्भ-छायाचित्र वजा केलं जातं आणि जे उरतं त्याची सूचना काही मिनिटांत बाहेर पडते. एका चांगल्या रात्री अशा लाखो सूचना निघतात. स्फोट झालेला तारा, रूपविकारी (म्हणजे तेज कमी-जास्त होणारा) तारा, लघुग्रह, शिवाय भरपूर कचरा, सगळं त्यात असतं. फिंक, आलेर्से, लासेर यांसारख्या संकेतस्थळांवर त्या कुणालाही फुकट बघता येतात.

घरच्यांना एक काळजी असते, की पोरगी रात्र-रात्र जागणार. त्यांना घड्याळ दाखवा. पालोमारला रात्र असते तेव्हा नागपुरात सकाळ उजाडून संध्याकाळपर्यंतचा वेळ असतो. चिलीतल्या दुर्बिणींची रात्र आपल्याकडे साधारण पहाटे सुरू होते आणि दुपारी संपते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसचं ऊन तापत असताना, कूलरसमोर बसून ताज्या सूचना चाळणं हा माझ्या कामाचा सगळ्यात आवडता भाग आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आकाश महिनोन्‌महिने दिसत नाही, पण हे काम थांबत नाही.

आता चाळायचं म्हणजे काय करायचं, ते नीट सांगते, कारण नवखी मुलं इथेच घाई करतात. प्रत्येक सूचनेसोबत तीन छोटी चित्रं येतात: नवं, जुनं आणि वजाबाकीचं. झेडटीएफमध्ये प्रत्येक चित्र ६३ बाय ६३ पिक्सेलचं असतं. नजर आधी तिसऱ्या चित्रावर न्या. मधोमध एक गोल ठिपका आहे का? त्याची रुंदी नव्या चित्रातल्या आजूबाजूच्या ताऱ्यांइतकीच आहे का? असेल तर तो प्रकाश वातावरणातून आणि भिंगांतून आलेला, खरा आहे. एकाच पिक्सेलवर टोकदार चमक असेल तर बहुधा कॅमेऱ्याच्या चिपवर आदळलेला वैश्विक किरण. एक पांढरा आणि त्याला चिकटून एक काळा ठिपका दिसला, तर दोन चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नाहीत. तारा जागच्या जागी आहे, बदललं काहीच नाही. लांब रेघ असेल तर उपग्रह. खरं-खोटं ओळखणारा संगणकी कार्यक्रम प्रत्येक सूचनेला गुण देतो आणि तो चांगलाच तयार आहे. तरी पहिले काही आठवडे ते गुण झाकून स्वतः ठरवा, मग ताडून बघा. नजर अशीच बसते.

ठिपका खरा निघाला की त्याची जागा बघा. दीर्घिकेच्या कडेला असेल तर अतिनवताऱ्याची, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याची, शक्यता वाढते. अगदी केंद्रात असेल तर थांबा, तिथलं कृष्णविवरही चमक कमी-जास्त करत असतं. अर्ध्या तासाने दुसऱ्या छायाचित्रात तो सरकलेला दिसला तर लघुग्रह.

मग येतो प्रकाशवक्र, म्हणजे वस्तूचं तेज दिवसागणिक कसं बदललं त्याचा आलेख, आणि यात माझा जीव गुंतलेला आहे. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर प्रत, म्हणजे तेजाचं माप. (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद, हे आधी पक्कं करा.) भरीव ठिपके म्हणजे दिसलेल्या रात्री. पण वक्राच्या सुरुवातीला खाली तोंड केलेले छोटे बाण असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बाणाचा अर्थ असा: त्या रात्री दुर्बिणीने इथे पाहिलं, अमुक प्रतीपर्यंत काहीच नव्हतं. समजा परवा २०.५ प्रतीपर्यंत जागा रिकामी होती आणि आज तिथे १८.९ प्रतीचं काही चमकतंय. म्हणजे जे घडलं ते फार तर दोन दिवसांपूर्वीचं. एरवीचा वन-ए प्रकारचा अतिनवतारा कमाल तेजाला पोचायला अडीच-तीन आठवडे घेतो. त्याला पहिल्या दोन दिवसांत गाठलं तर कुठल्या ताऱ्याचा स्फोट झाला, त्याच्याभोवती काय होतं, याचे पुरावे अजून शिल्लक असतात. नंतर ते पुसले जातात. म्हणून न दिसण्याची नोंद मला दिसण्याइतकीच मोलाची वाटते.

अशा वेळी दुसरी दुर्बीण लगेच वळवावी लागते. पालोमारला उजाडतं तेव्हा आपल्याकडे अंधार पडत असतो, आणि लडाखमधल्या हानलेला, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण सज्ज असते. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था ती चालवतात. तीही यंत्रमानवच. तिथेच २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार फोड, मिळाला की वस्तूचा प्रकार ठरतो, आणि ती अतिनवतारा निघाली तर नावाआधीचं तात्पुरतं ‘एटी’ जाऊन ‘एसएन’ (सुपरनोव्हा) लागतं.

तयारीचं म्हणाल तर पायथन, थोडं लिनक्स, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र. अ‍ॅस्ट्रोपाय ही लायब्ररी वापरून एखाद्या ताऱ्याचा प्रकाशवक्र स्वतः काढता आला पाहिजे. संख्याशास्त्र कॉलेजात उरकून टाकलं असेल तर पुन्हा करा. लाखांतून एक निवडायचं असतं तेव्हा चूक किती टक्के, हाच खरा प्रश्न असतो. पुढे एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट या प्रवेश परीक्षा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम असतो, त्याची जाहिरात चुकवू नका. इंजिनिअरिंगच्या मुलांनाही जागा आहे, आणि ती वाढत जाणार. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २३ जून २०२५ ला पहिली छायाचित्रं दाखवली, आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. पूर्ण वेगाने चालताना तिथून रात्रीला १ कोटीच्या आसपास सूचना अपेक्षित आहेत. त्या डोळ्यांनी बघणं अशक्य, तेव्हा चांगले गाळणारे कार्यक्रम लिहिणारी माणसं लागतील.

दुर्बीण घेऊ नका म्हटलं, आकाश बघू नका असं म्हटलं नाही. हिवाळ्यात गच्चीवरून ययाती तारकासमूहातली मायावती (अल्गॉल) ही चांदणी बघा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तिचा मंद जोडीदार तिच्यासमोर येतो आणि तिची प्रत २.१ वरून ३.४ वर उतरते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाला अंदाज लिहा. शहरातल्या दिव्यांचा फार त्रास होत असेल तर पेंचला जा. जानेवारी २०२४ मध्ये त्या व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

एखाद्या संशोधन गटाला प्रकल्पासाठी लिहिणार असाल, तर पत्रात ‘मला लहानपणापासून खगोलशास्त्राची आवड आहे’ हे वाक्य नको. स्वतः काढलेला एक प्रकाशवक्र जोडा, बाणांसकट, आणि त्यातला शेवटचा बाण काय सांगतो ते खाली दोन ओळींत लिहा.