छेदातला क्ष
अकरावीला आलात म्हणजे ३क्ष − ७ < ८ तुम्हाला सुटतं. ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, हेही पाठ असेल. मलाही होतं. तरी पहिल्या चाचणीत असमीकरणांचे मार्क गेले, आणि का गेले हे कळायला दिवाळी उजाडली.

गणित होतं (क्ष + ५)/(क्ष − १) ≥ ३. मी समीकरणासारखं तिरकं गुणून टाकलं: क्ष + ५ ≥ ३क्ष − ३, म्हणून क्ष ≤ ४. पडताळा म्हणून ४ घातले. ९ भागिले ३, बरोबर ३. झालं, वही मिटली.

आता शून्य घालून बघा. ५ भागिले −१, म्हणजे −५. ते ३ पेक्षा मोठं आहे का? शून्य माझ्या उत्तरात बसतं, मूळ गणितात बसत नाही. मी फक्त टोकाची संख्या तपासली होती, आणि टोकावर तर समीकरणच असतं!

मेख इथेच आहे. क्ष − १ धन आहे की ऋण, हे मला माहीतच नव्हतं आणि मी त्याने गुणून मोकळी झाले. क्ष १ पेक्षा मोठा असेल तर चिन्ह तसंच राहतं, लहान असेल तर उलटतं, १ असेल तर गणितालाच अर्थ उरत नाही. म्हणजे माझी दुसरी ओळ पहिलीशी सममूल्य नव्हती. सममूल्य म्हणजे दोन्ही ओळींची उकल तंतोतंत तीच; वरून खाली येता येतं तसं खालून वरही जाता आलं पाहिजे. समीकरणात ऋणाने गुणलं तरी काही बिघडत नाही, म्हणून दहावीपर्यंत ही सवय खपून जाते.

अभ्यासिकेतल्या एका ताईने मला सगळं एका बाजूला आणायला लावलं: (८ − २क्ष)/(क्ष − १) ≥ ०. संख्यारेषेवर १ आणि ४ मांडले, तीन तुकडे पडले. ० घातल्यावर ऋण, २ ला धन, ५ ला ऋण. उत्तर १ < क्ष ≤ ४. चारवर भरीव ठिपका, एकवर पोकळ. छेदाच्या वर्गाने गुणलं तरी चालतं, फक्त शेवटी १ वगळायचा. तिने उत्तर कधीच सांगितलं नाही, नुसतं ‘ही ओळ उलटी वाच’ म्हणायची. असं कुणी भेटलं तर सोडू नका.

एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे आणि चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून ‘पर्याय घालून बघा’ असं सर्रास सांगतात. अकरावीत तरी ऐकू नका. क्ष ≤ ४ आणि १ < क्ष ≤ ४ हे दोन्ही पर्याय समोर असताना २ घातलात तर दोन्ही बरोबर वाटतील.

आणि घाबरू नका. हा एक अडथळा गेला की बाकीचा धडा आठवड्याभरात होतो, माझा झाला. आज १/क्ष < २ सोडवा. तुमच्या उत्तरात −१ नसेल, तर तो कुठल्या ओळीवर गळाला ते शोधा.