‘तो सीन’ म्हणजे कुठला? मित्रांसोबत सिनेमाचा पॉडकास्ट करताना

आमचं पहिलं रेकॉर्डिंग २ तास ४० मिनिटांचं झालं होतं. आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो होतो आणि आपल्याला हे उपजतच जमतं अशी खात्री पटली होती. दुसऱ्या दिवशी मी एडिटिंगला बसले. “अरे, तो सीन!” “हो हो, आणि मग ती…” “बाप रे, ती!” आणि त्यावर तिघांचा हास्यकल्लोळ. कुठला सीन, कोण ती, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. त्या सगळ्यातून ४८ मिनिटं हाती लागली. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक त्या खुर्चीत बसून, दातओठ खात शिकलेलं आहे.

तर पहिलं काम: दर भागात एकाला ‘कुठला?’ विचारायची ड्यूटी द्या. कुणी ‘तो सीन’, ‘तो माणूस’, ‘तसंच जसं त्या दुसऱ्या सिनेमात होतं’ म्हणालं की त्याने निर्लज्जपणे अडवायचं. आपल्याला सगळं आठवतंय हे विसरून विचारायचं. ऐकणारा मध्ये तोंड घालू शकत नाही, ही त्याची अडचण आहे. ती आपणच सोडवायची.

माणसं किती? तीन. चार आवाज झाले की कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला पटकन ओळखू येत नाही, आणि दोघंच असले तर एकाचं मत झालं की दुसऱ्याचं ‘हो ना’ एवढंच उरतं. पण संख्येपेक्षा कोण बसतंय हे महत्त्वाचं. आमच्यात एक मास्तर आहे, त्याला दिग्दर्शकाच्या आधीच्या तिन्ही सिनेमांचे कॅमेरामन पाठ असतात. एक भित्री आहे, ती भयपट उशीच्या कोपऱ्याआडून बघते. आणि मी. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, मास्तर हा आपला हुकमी एक्का. तसं नव्हतं. भयपटाच्या भागात खरी किंमत भित्रीला आहे, कारण सिनेमा नेमका कुठे चावला हे तिलाच सांगता येतं. सगळेच निर्ढावलेले असतील तर भयपटावर बोलू नका. शक्यतो तिघांपैकी एकाने तो सिनेमा पहिल्यांदाच पाहिलेला असावा.

आता सिनेमे. कल्ट, भयपट आणि सणाचे सिनेमे एकाच पॉडकास्टवर छान नांदतात, पण तिन्ही प्रकारांना एकच प्रश्न विचारून चालत नाही. ‘आवडला का?’ हा तर मुळीच नको.

कल्ट सिनेमाला विचारायचं: याला वाचवलं कुणी? असा सिनेमा बहुधा आधी आपटलेला असतो आणि नंतर कुणीतरी त्याला उचलून घेतलेलं असतं. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये आला आणि नेहमीच्या खेळांना पडला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ लागले आणि लोक पात्रांसारखे कपडे घालून यायला, पडद्याकडे बघून ओरडायला लागले. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ १९८२ च्या जूनमध्ये आला तेव्हा प्रेमळ परग्रहवासीयाचा ‘ई. टी.’ लागून दोनच आठवडे झाले होते. समीक्षकांनी झोडपलं, गल्लाही जमला नाही. आज भयपटांच्या गप्पांत त्याचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. तेव्हाच्या प्रेक्षकांना काय दिसलं नाही आणि नंतरच्यांना काय दिसलं, यावर तासभर भांडता येतं. ‘कल्ट’ म्हणजे ‘वाईट पण मजेशीर’ एवढंच धरून बसलात तर दुसऱ्या भागातच विषय संपेल.

भयपटाला विचारायचं: नेमकं कुठे? मिनिट सांगा. मग तोच तुकडा आवाज बंद करून पुन्हा बघा. हा प्रयोग आम्ही ‘हॅलोवीन’वर केला आणि मी चाटच पडले. १९७८ चा सिनेमा, संगीत स्वतः दिग्दर्शक कार्पेंटरचंच. त्याची मुख्य धून पाच मात्रांची आहे. कानाला चारांची सवय, तो चौथ्या मात्रेनंतर टेकायला जातो आणि तिथे आणखी एक मात्रा उभी असते. आवाज बंद केला तर पडद्यावर एक मुखवटेवाला कुंपणापाशी नुसता उभा आहे. तो मुखवटाही ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग फासलेला. भित्री म्हणाली, “अरे, हा तर कुरिअरवाला वाटतोय!” असं वाक्य आधी लिहून आणता येत नाही.

सणाच्या सिनेमाला विचारायचं: हा सणाचा झाला कसा? ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ चा. तेव्हा तिकीटबारीवर त्याने निराशाच केली. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण व्हायचं राहून गेलं आणि अमेरिकेतली टीव्ही केंद्रं दर डिसेंबरला तो लावत सुटली. लोकांच्या घरात तो असा शिरला. कागदपत्रातल्या एका चुकीने नाताळची परंपरा तयार झाली, हे मला सिनेमाइतकंच गोड वाटतं. दुसरीकडे ‘ग्रेमलिन्स’ १९८४ च्या जूनमध्ये आणि ‘डाय हार्ड’ १९८८ च्या जुलैमध्ये आला, दोन्हीत नाताळ आहे. मग हे नाताळचे सिनेमे का नाहीत? हा वाद सगळीकडे झालेला आहे, तरी एकदा करून घ्या, अंगातून निघून जातो. त्यापेक्षा जोडी लावा. मुलींच्या वसतिगृहातल्या खुनांचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) आणि छर्ऱ्यांची बंदूक हवी म्हणून झुरणाऱ्या पोराचा ‘अ ख्रिसमस स्टोरी’ (१९८३) हे दोन्ही बॉब क्लार्कचेच. एकाच माणसाने सणाची रात्र दोनदा, इतकी वेगळी कशी पाहिली? आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग हाच.

सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा हात मोकळे ठेवून, दुसऱ्यांदा वही घेऊन. वहीत मतं लिहू नका, वेळ आणि दृश्य लिहा: ‘३२ वं मिनिट, जिन्यावरची सावली’. मतं तोंडी यायला हवीत. आणि सगळ्यात कडक नियम: रेकॉर्डिंगच्या आधी त्या सिनेमाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ग्रुपवर मेसेज नाही, इमोजीसुद्धा नाही. आम्ही एकदा आदल्या रात्री फोनवर मनसोक्त भांडलो. दुसऱ्या दिवशी माइकसमोर तेच भांडण पुन्हा करायला गेलो तर शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक झालं.

कथा सांगायला दीड मिनिट. एकानेच सांगायची, कागदावरून न वाचता. शेवट फोडणार असाल तर कुठल्या मिनिटापासून, ते आधी सांगून टाका.

तांत्रिक भागाला लोक उगाच घाबरतात. महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली घ्या. मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. माइक तोंडापासून साधारण वीतभर, जरा तिरपा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, यात तडजोड नको. एकाच ट्रॅकवर तिघं असतील तर मास्तरच्या खोकल्यासोबत भित्रीचं वाक्यही कापावं लागतं. वेगवेगळ्या घरांतून बोलत असाल तर प्रत्येकाने आपापल्याकडे डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल रेकॉर्ड करायची, हेडफोन लावायचा आणि सुरुवातीला तिघांनी मिळून एक टाळी वाजवायची. ट्रॅक जुळवताना ती टाळी उपयोगी पडते. लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक हळूहळू सरकतात, म्हणून शेवटीही एक टाळी घ्या.

भयपटाच्या भागात कुणीतरी किंचाळून दाखवणारच. तेव्हा आवाज फाटू नये म्हणून सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपतच पातळी ठेवा, आणि किंचाळणाऱ्याला तोंड बाजूला वळवायला सांगा. भित्रीला ते कधीच आठवत नाही.

एडिटिंगमध्ये माझा हात हसण्यावर सगळ्यात आधी जातो. पहिलं हसू ठेवायचं, त्यावरचं दुसरं आणि तिसरं कापायचं. दोघं एकदम बोलले असतील तर एकाला गप्प करा. पण सगळ्या शांतता भरून काढू नका. “मला त्यानंतर झोप लागली नाही” यापुढचे दोन सेकंद तसेच राहू द्या. स्टिरिओ भाग उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो, ते मोजायचं एकक) आसपास नेऊन ठेवला की ऐकणाऱ्याला सारखा आवाज कमीजास्त करावा लागत नाही. सिनेमातले तुकडे आणि संगीत वाजवायचा मोह टाळा, हक्कांची कटकट मागे लागते. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं (१९६८) उदाहरण बघा. ऐनवेळी नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहिली आणि अमेरिकेत सिनेमा सगळ्यांचा झाला. पण असं भाग्य सगळ्या सिनेमांचं नसतं. शिवाय दृश्य तोंडाने सांगण्यातच पॉडकास्टची मजा आहे.

सणाचा भाग सणाच्या आधी लागायला हवा, म्हणजे रेकॉर्डिंग सहा आठवडे आधी. वातावरण नाही म्हणून रडू नका. ‘हॅलोवीन’ची गोष्ट ऑक्टोबरअखेरच्या सणाची, पण शूटिंग वसंतात झालं होतं, शरदातली पानं हवीत म्हणून कागदी पानं रंगवून पसरली होती आणि पुढच्या शॉटसाठी परत गोळा केली होती.

मित्र दुखावला जातो, हे धरून चला. आमच्याकडे नियम आहे: भाग जाण्यापूर्वी कुणीही कुठलंही वाक्य काढायला सांगू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. मास्तरने आजवर दोनदाच सांगितलं. मी काढलं.

आणि रेकॉर्डर बंद करायची घाई करू नका. निरोप घेऊन झाला, हेडफोन उतरले, की मग माणसं खरं बोलतात. ‘ब्लॅक ख्रिसमस’चा भाग संपल्यावर भित्री चपला शोधत म्हणाली, “मला खुनी नाही रे घाबरवत. फोन वाजतो आणि कुणीतरी तो उचलायलाच जातं, ते घाबरवतं.” मास्तरला त्यावर काहीच सुचलं नाही. नशिबाने लाल दिवा अजून चालूच होता.