एकदा लेबलं ढवळून बघा: रेडिओमिक्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

रेडिओमिक्स म्हणजे स्कॅनमधून आकडे काढून त्यांवरून आजाराबद्दल अंदाज बांधणं. उपचार सुरू होण्याआधीच्या स्कॅनवरून गाठ त्या उपचाराला दाद देईल की नाही हे सांगता येईल का, या प्रश्नावर मी पीएचडीची पहिली दोन वर्षं काढली. त्यातलं जवळजवळ एक वर्ष एका चुकीपायी वाया गेलं. त्या चुकीतून आलेला आकडा आजही आठवला की पोटात खड्डा पडतो, म्हणून हे लिहितेय. डायकॉम (स्कॅनच्या फायलींचा साचा), सेगमेंटेशन (स्कॅनवर गाठीची सीमा आखणं), एयूसी (मॉडेल दोन गट किती चांगलं ओळखतं तो आकडा; ०.५ म्हणजे नुसती नाणेफेक, १ म्हणजे बिनचूक) या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते.

माझं काम स्तनाच्या कर्करोगावर होतं. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेआधी केमो देतात. नंतर काढलेल्या ऊतीत पॅथॉलॉजिस्टला आक्रमक कर्कपेशी सापडल्या नाहीत, तर त्याला पीसीआर (पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स, म्हणजे पूर्ण प्रतिसाद) म्हणतात. केमोआधीच्या एमआरआयवरून पीसीआर ओळखायचा होता. हाताशी ८४ रुग्ण होते. पायरेडिओमिक्स हे सॉफ्टवेअर सगळे फिल्टर लावून चालवलं की एकेका गाठीमागे हजारावर फीचर, म्हणजे गाठीचं वर्णन करणारे आकडे, मिळतात. मी पूर्ण तक्ता समोर घेतला, पीसीआर झालेल्या आणि न झालेल्या गटांत सर्वाधिक फरक दाखवणारी दहा फीचर निवडली आणि त्या दहांवर पाच भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन केलं, म्हणजे रुग्णांचे पाच भाग पाडून दर वेळी चारांवर मॉडेल शिकवलं आणि उरलेल्या एकावर तपासलं. एयूसी ०.८८ आला. त्याच रात्री मार्गदर्शकांना मेल केला. पुढच्या महिन्यात परिषदेसाठी सारांशही गेला.

सादरीकरणाच्या तालमीत संख्याशास्त्राच्या एका सीनियरने एकच प्रश्न विचारला: "फीचर कधी निवडलीस? भाग पाडायच्या आधी की नंतर?" मी "आधी" म्हणाले. तो म्हणाला, "लेबलं ढवळ आणि परत चालव."

ती एका ओळीची कमांड आहे. कुणाला पीसीआर झाला आणि कुणाला नाही, हा लेबलांचा रकानाच यादृच्छिक क्रमाने फिरवायचा. आता स्कॅनचा आणि निकालाचा काही संबंधच उरत नाही, म्हणजे एयूसी ०.५ च्या आसपास यायला हवा. माझा आला ०.८३. पुन्हा ढवळलं, तर ०.८१. स्क्रीनकडे बघत मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. समजा फीचरांऐवजी हजार नाणी आहेत. प्रत्येक नाणं ८४ वेळा उडवलं आणि छापा-काट्याची यादी रुग्णांच्या निकालाशी ताडून पाहिली. सरासरी नाणं ४२ ठिकाणी जुळेल. पण हजारांत एखाददुसरं निव्वळ योगायोगाने पंचावन्न-छप्पन ठिकाणी जुळेलच. अशी सर्वांत जुळणारी दहा नाणी वेगळी काढा आणि एकत्र वापरा, की मॉडेल हुशार वाटू लागतं. आता क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणून तुम्ही १७ रुग्ण बाजूला ठेवता आणि म्हणता, "हे मॉडेलने पाहिलेलेच नाहीत." मॉडेलने पाहिले नसतील, पण ती दहा नाणी निवडली गेली तीच मुळी या १७ जणांशीही जुळत होती म्हणून. त्यांची उत्तरं निवडीच्या पायरीतच आत शिरली आहेत. नंतर कितीही भाग पाडा, ती गळती बुजत नाही.

म्हणून नियम एकच: लेबल बघून घेतलेला प्रत्येक निर्णय प्रत्येक फोल्डच्या (विभागणीच्या प्रत्येक फेरीच्या) आत, फक्त ट्रेनिंगच्या रुग्णांवर, नव्याने घ्यायचा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतली पाइपलाइन, म्हणजे पायऱ्यांची साखळी, याचसाठी आहे. प्रमाणीकरण, गहाळ किमती भरणं, स्कॅनरमधला फरक काढणारी कॉम्बॅट ही पद्धत, हे सगळं तिच्यातच टाका. स्मोट या पद्धतीने कमी संख्येच्या गटात कृत्रिम रुग्ण तयार करणार असाल तर तेही फोल्डच्या आतच, कारण बाहेर केलंत तर टेस्टमधल्या रुग्णाची जुळी भावंडं ट्रेनिंगमध्ये जाऊन बसतात. आणि एकाच रुग्णाच्या शेजारशेजारच्या स्लाइस ट्रेनिंग आणि टेस्ट अशा दोन्हीकडे वाटू नका. विभागणी नेहमी रुग्णानुसारच करा.

दुरुस्तीनंतर माझा एयूसी ०.६१ झाला. सारांश मागे घेतला. त्या आठवड्यात हे क्षेत्र सोडायचा विचारही आला होता. तुमच्याबाबतीत असं झालं तर एवढं लक्षात ठेवा: ०.६१ खरा होता. त्याच आकड्यावर पुढे प्रबंध उभा राहिला आणि परीक्षकांनी तो मान्य केला.

दुसरी गोष्ट, थोडक्यात: गाठीचं आकारमान हे एकच फीचर घेऊन आधी मॉडेल करा. २०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये हजाराहून अधिक रुग्णांवरचा एक गाजलेला रेडिओमिक्सचा शोधनिबंध आला होता. त्यातली चार फीचरांची खूण रुग्ण किती जगेल याचा अंदाज देत होती. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने गाठीतल्या व्हॉक्सेलच्या (स्कॅनमधल्या त्रिमितीय ठिपक्यांच्या) किमती ढवळून टाकल्या, तरी अंदाज टिकून राहिला. म्हणजे पोताच्या (टेक्स्चरच्या) नावाखाली बरंचसं आकारमानच मोजलं जात होतं. तुमचं गुंतागुंतीचं मॉडेल नुसत्या आकारमानाला मागे टाकत नसेल, तर ते तसंच लिहा.

लेबलाचा अर्थही विचारून घ्या. रेसिस्ट या गाठीचा प्रतिसाद मोजण्याच्या निकषांत मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली की अंशतः प्रतिसाद धरतात. पण इम्युनोथेरपीत गाठ आधी मोठी दिसून नंतर आकसू शकते, त्यासाठी २०१७ मध्ये आयरेसिस्ट हे निकषांचं बदललेलं रूप आलं. डेटा देणाऱ्याने यातलं काय वापरलंय हे माहीत नसताना ट्रेनिंग सुरू करू नका.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत ठाम आहे. "कुठलं नेटवर्क वापरतेस?" याच्या आधी "रुग्ण किती?" असं विचारणारा मार्गदर्शक शोधा. आणि शेजारी बसून स्कॅन दाखवणारा रेडिओलॉजिस्ट मिळाला तर त्याचा अर्धा तास कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा मोलाचा. माझ्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी एका गाठीच्या मध्यावर बोट ठेवून विचारलं, "हा काळा खड्डा तू पोत म्हणून मोजलास?" बायोप्सीच्या वेळी खुणेसाठी ठेवलेली धातूची बारीक क्लिप होती ती. एमआरआयवर तिच्याभोवतीचा सिग्नल नाहीसा होतो. माझ्या मास्कमध्ये (आखलेल्या गाठीच्या भागात) ती कित्येक ठिकाणी होती आणि कुठल्याही कोडने मला ते सांगितलं नव्हतं. बटण दाबलं की शंभर मॉडेल करून देणारी साधनं मला म्हणूनच नको वाटतात. ती चुकीच्या तक्त्यावरही तितक्याच आत्मविश्वासाने आकडा देतात.

घाबरू नका. सुरुवात लहान करा. फुप्फुसाच्या सीटीवर काम असेल तर कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवर रायडर नावाचा संच मोफत मिळतो. त्यात फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ३२ रुग्णांचं सुमारे १५ मिनिटांच्या अंतराने दोनदा स्कॅन केलेलं आहे. दोन्हींवर गाठीची सीमा आखा, फीचर काढा आणि कोणती जुळतात ते पाहा. तेवढ्या वेळात गाठ बदललेली नसते, त्यामुळे जी फीचर बदलली ती यादीतून काढून टाका. या गाळणीत तुमचे रुग्ण आणि निकालाचं लेबल कुठेच लागत नाहीत, म्हणून ही एक निवड मात्र तुम्ही भाग पाडायच्या आधी निश्चिंतपणे करू शकता.