बँकॉकहून अयुथया, एका दिवसात: रेल्वेने जा आणि दुपारचं ऊन चुकवा

बँकॉकला चार-पाच दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या हाती सहलींचं जे पत्रक पडतं, त्यात ‘अयुथया आणि तरंगता बाजार, एकाच दिवसात’ ही ओळ हमखास असते. ही सहल घेऊ नका. अयुथया बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार नैर्ऋत्येला साधारण १०० किलोमीटरवर. निम्मा दिवस व्हॅनमध्ये जातो आणि चारशेहून अधिक वर्षं सयामची (म्हणजे आजच्या थायलंडची) राजधानी असलेल्या शहराच्या वाट्याला भर दुपारचे दोन तास येतात. तरंगता बाजार बघायचाच असेल तर मेक्लोंगच्या रुळांवर भरणाऱ्या बाजाराबरोबर बघा, ते दोन्ही एकाच बाजूला आहेत. अयुथयाला सबंध दिवस द्या.

आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की ही वारी ठरलेलीच असते आणि मी त्यांना प्रत्येक वेळी रेल्वेनेच नेते. स्वस्त पडते म्हणूनच केवळ नव्हे. रेल्वेने गेलं की वेळ आपल्या हातात राहतो, आणि या सहलीत सगळं वेळेवरच अवलंबून आहे.

गाडी

कुठल्या स्थानकावरून निघायचं याबद्दल जुनी माहिती अजून सर्रास सांगितली जाते. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या बांग सूच्या नव्या, अवाढव्य क्रुंग थेप अफिवात स्थानकावरून सुटतात. १९१६ सालच्या जुन्या हुआ लाम्फोंगवरून आता साध्या, ठिकठिकाणी थांबणाऱ्या गाड्या निघतात. दोन्हीकडे मेट्रोची निळी लाइन जाते. माझा सल्ला असा: जाताना नव्या स्थानकावरून सकाळी सातच्या आसपासची जलद गाडी घ्या आणि येताना साध्या गाडीने हुआ लाम्फोंगला या. साध्या गाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाथच्या आसपास आहे आणि त्यासाठी आरक्षण लागत नाही. वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. नवं स्थानक इतकं मोठं आहे की मेट्रोतून उतरून फलाटापर्यंत जायलाच वेळ मोडतो, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा.

डावीकडची खिडकी धरा. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजवीकडून येतं आणि दुपारनंतर दक्षिणेकडे परततानाही उजवीकडूनच येतं. तिसऱ्या वर्गात पंखे असतात, खिडक्या उघड्या असतात आणि फेरीवाले खाऊ घेऊन फिरत असतात. सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहाला स्थानकावर असाल तर राष्ट्रगीत लागेल. सगळे जागच्या जागी उभे राहतात, आपणही राहायचं.

नदी ओलांडून बेटावर

अयुथया हे नद्यांनी वेढलेलं बेट आहे. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्या त्याला वळसा घालतात आणि रेल्वे स्थानक पा साकच्या अलीकडे, बेटाबाहेर आहे. स्थानकाच्या दारातच टुकटुकवाले गठ्ठ्याने देवळं दाखवायला उभे असतात. नम्रपणे नको म्हणा, समोरच्या गल्लीने सरळ पाच मिनिटं चाला आणि नदीवर जी फेरीबोट आहे तिने नाममात्र पैशांत पलीकडे जा. उतरलात की चाओ फ्रोम बाजार जवळच आहे. पाणी, फळं तिथे घ्या.

सायकल भाड्याने घेणार असाल तर आधी ब्रेक दाबून बघा. पासपोर्ट अनामत म्हणून कुणाकडेही ठेवू नका. छायाप्रत द्या आणि रोख रक्कम ठेवा. न मानणारा दुकानदार असेल तर शेजारच्याकडे जा. बेट सपाट आहे, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. बरोबर ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं असतील तर बेटावर आल्यावर टुकटुक ठरवा. तासाला साधारण दोनशे ते तीनशे बाथ पडतात. कोणती देवळं आणि किती तास हे फोनवर टाइप करून दाखवा, म्हणजे शेवटी वाद होत नाही.

बारा ते तीन

ही सहल बिघडते ती इथे. मलाही बेटावरच्या दिवसाचा क्रम बराच काळ नीट जमत नव्हता, कारण सगळे नकाशे जवळून लांब असं सांगतात आणि उन्हाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आधी हे ऊन इतकं का लागतं ते समजून घ्या. १३५१ मध्ये वसवलेलं हे शहर १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळलं. देवळांची छपरं लाकडी होती, ती जळून गेली. उरले ते विटांचे खांब, भिंती, घंटेच्या आकाराचे चेदी, म्हणजे स्तूप, आणि उंच निमुळते होत गेलेले प्रांग, म्हणजे मनोरे. म्हणजे आपण ज्याला देऊळ बघणं म्हणतो ते इथे डोक्यावर छप्पर नसलेल्या विटांच्या अंगणात चालणं आहे. सकाळभर तापलेली वीट दुपारी खालूनही भाजते. मार्च ते मे या काळात बाराच्या पुढे अशा अंगणात अर्धा तास काढणंही जिवावर येतं आणि थंडीच्या महिन्यांतही दुपार कडकच असते. टोपी आणि पाण्याची बाटली एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. त्या वेळी उघड्यावर असायचंच नाही, हा एकच उपाय आहे.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे ‘सहा देवळांचं एकत्रित तिकीट काढा’. परदेशी पर्यटकांना असं तिकीट मिळतं हे खरं, पण ते काढलं की माणूस ते वसूल करायला निघतो. चौथ्या देवळापर्यंत सगळे प्रांग सारखे दिसू लागतात आणि पाचव्याला सावली शोधणं एवढंच उरतं. चार जागा नीट बघा. तिकिटाचा हिशोब त्या चारांवर करा.

माझा क्रम असा. फेरीबोटीतून उतरून थेट वाट महाथात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ). वाटेत दुसरं काही नको. झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक इथेच आहे आणि दहानंतर सहलींच्या बस आल्या की त्याच्यासमोर रांग लागते. लवकर गेलात तर शांतपणे बघता येतं: वालुकाश्मातला चेहरा, मिटल्यासारखे डोळे, दोन्ही गालांना चिकटून खाली उतरलेली मुळं. मस्तक जमिनीलगत आहे. फोटो काढताना खाली बसा, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर जाऊ द्यायचं नसतं. आवारात मस्तक नसलेल्या मूर्ती ओळीने बसलेल्या दिसतील. त्यांच्या मागे उभं राहून आपला चेहरा लावून फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका, तिथे मनाईच्या पाट्याही आहेत. या मूर्ती आजही पूजनीय आहेत, मोडल्या म्हणून त्यांचं देवपण गेलेलं नाही.

तिथून रस्ता ओलांडला की वाट राचाबुराना. हे देऊळ कुणीही चुकवू नये, आणि सहलीच्या व्हॅन बहुधा हेच चुकवतात. १४२४ मध्ये गादीसाठी दोन भाऊ हत्तींवरून लढले आणि दोघेही मेले. तिसरा, सगळ्यात धाकटा, राजा झाला आणि भावांच्या दहनाच्या जागी त्याने हे देऊळ बांधलं. प्रांगाच्या पोटात एक तळघर होतं. १९५७ मध्ये चोरांनी ते फोडलं आणि बरंच सोनं पळवलं. त्यांतले काही पकडले गेले, काही ऐवज परत मिळाला आणि बाकीचं उत्खनन सरकारी पुरातत्त्व विभागाने केलं. प्रांगावर चढून मग आत अरुंद, उभ्या पायऱ्यांनी त्या तळघरात उतरता येतं. भिंतीवरची चित्रं पुसट झाली आहेत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर मात्र उतरू नका.

हे होईपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात. आता उन्हातून बाहेर पडायचं आणि चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात जायचं. तळघर बघून लगेच इथे यायचं कारण तळघरातलं सोनं इथे आहे: रत्नजडित म्यानाची राजतलवार, गुडघे टेकून बसलेला, अंगभर रत्नं जडवलेला छोटा सोन्याचा हत्ती. पावलाला अजून तळघराच्या पायऱ्या जाणवत असताना हा हत्ती बघण्यात जे आहे ते दोन्ही वेगवेगळ्या दिवशी बघून मिळणार नाही. १९६१ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय उभं राहिलं तेही त्याच तळघरामुळे. तिथे सापडलेल्या छोट्या पूजामूर्ती देणगीदारांना देऊन त्या पैशांतून इमारत बांधली गेली. सोमवारी किंवा मंगळवारी जाणार असाल तर ते उघडं आहे का हे आधी बघून घ्या.

मग जेवण, सावकाश, सावलीत. इथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे बोट नूडल्स आणि नदीतली मोठी भाजलेली कोळंबी. बोट नूडल्सच्या गडद रश्शात बहुधा डुकराचं किंवा गाईचं रक्त घातलेलं असतं, हे माहीत असू द्या. शाकाहारी असाल तर नुसतं ‘भाज्या’ म्हणून भागत नाही, कारण फिश सॉस सगळ्यात पडतो. ‘किन जे’ म्हणा, किंवा पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’चं चिन्ह असलेलं दुकान शोधा. त्या जेवणात मांस, मासे, अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो. कंदमुळं मात्र असू शकतात, जैन मंडळींनी विचारून घ्यावं. गोड म्हणून रोटी साय माय घ्या. पातळ, मऊ पोळीत साखरेचे रेशमी तंतू गुंडाळून खायचे. आपल्या म्हातारीच्या केसांची ही चुलत बहीण, फक्त पोळीसकट. पोळी आणि तंतू वेगवेगळे बांधून देतात. तिथेच खा, गाडीत दमट हवेने तंतू चिकट होतात.

तीननंतर

ऊन कललं की वाट फ्रा सी सानफेत. हे राजवाड्याच्या आवारातलं राजघराण्याचं देऊळ. तीन राजांच्या अस्थींवरचे तीन चेदी एका ओळीत उभे आहेत. शेजारच्या विहान फ्रा मोंगखोन बोफित या प्रार्थनागृहात अवश्य जा, तिथे आजही पूजा चालते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत भलीमोठी कांस्याची बसलेली बुद्धमूर्ती आहे. १७६७ च्या आगीत इथलं छप्पर कोसळलं होतं. १९५० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा बर्माचे पंतप्रधान ऊ नू यांनी त्यासाठी देणगी दिली.

साडेचारच्या सुमाराला बेटाबाहेर, चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावर वाट चायवत्थानाराम. प्रासात थोंग राजाने १६३० मध्ये ख्मेर (कंबोडियन) धाटणीत बांधलेलं, मधोमध ३५ मीटर उंच प्रांग. देऊळ नदीकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य त्याच्या मागे मावळतो. नदीच्या बाजूला उभे राहा. पुलावर गाड्या वेगात असतात, मुलांना सायकलवरून तिथे नेऊ नका, टुकटुक करा. बेटाला फेरी मारणाऱ्या लांब होड्याही इथे थांबतात. ऑक्टोबरात नदी चढलेली असते, तेव्हा देवळाभोवती पूररोधक भिंत उभी दिसू शकते आणि नदीकाठचं दृश्य त्यामागे जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

कुणी हत्तीवरून फेरी देऊ केली तर घेऊ नका. भर उन्हात डांबरी रस्त्यावर पाठीवर माणसं घेऊन चालणारा तो प्राणी बघवत नाही, आणि आपण पैसे देणं थांबवलं तरच ते थांबेल.

परतताना

उत्तरेकडून लांबून येणाऱ्या गाड्या उशिरा येतात, कधी कधी तासभर. म्हणून परतीला लोपबुरीसारख्या जवळच्या ठिकाणाहून सुटणारी साधी गाडी निवडा. संध्याकाळच्या गाड्या मोजक्याच असतात. सकाळी अयुथयाला उतरलात की तिथल्या वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढून ठेवा आणि सूर्यास्त बघायचा की गाडी गाठायची हे जेवतानाच ठरवा. सूर्यास्त बघून गाडी चुकणार असेल तर बँकॉकच्या मो चित बसस्थानकाला जाणाऱ्या व्हॅनची शेवटची वेळ दुपारीच विचारून घ्या, संध्याकाळी जागा लवकर भरतात.