जुनी हजार लिटरची आयबीसी टाकी: भाव कसा काढायचा, माल कसा पारखायचा

लोखंडी जाळीत बसवलेली पांढऱ्या प्लॅस्टिकची हजार लिटरची टाकी, म्हणजे आयबीसी, आता कारखान्याइतकीच द्राक्षबागेत आणि बांधकामावर दिसते. एकाच दिवशी दोन गोदामांत तिचा भाव विचारला तर कमालीचा फरक ऐकायला मिळतो. त्यामागे कारणं दोन: आधी तिच्यात काय भरलं होतं, आणि ती किती लांबून आली.

भाव बोलण्याआधी तळ काढा. टाकी थेट भंगारात घातली तर किती येतील, तो तिचा तळ. रिकामी टाकी साधारण 60 किलो भरते. आतली एचडीपीईची (टणक पॉलिथिन प्लॅस्टिकची) बाटली 15 किलोच्या आसपास, बाकी वजन जाळी आणि तिच्याखालच्या पॅलेटचं, म्हणजे बैठकीचं. लोखंडी पॅलेटला भंगारात भाव आहे, लाकडीला जवळपास नाही. समजा प्लॅस्टिक 50 रुपये आणि लोखंड 30 रुपये किलो चाललंय आणि पॅलेट लाकडी असून लोखंड 25 किलो आहे, तर 750 अधिक 750, तळ झाला 1,500 रुपये. आपल्या गावातला त्या दिवसाचा दर घालून हेच गणित मांडा. धडधाकट दिसणारी टाकी कोणी तळाच्या आसपास देत असेल, तर आत काय होतं हे सांगायची त्याची तयारी नाही असं समजा. वरची मर्यादा नव्या टाकीचा भाव ठरवतो. तो एचडीपीईच्या दाण्याबरोबर, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकबरोबर, हलतो, दाणा कच्च्या तेलाबरोबर. दाणा महागला की कंपन्याही जुन्या टाक्यांकडे वळतात आणि बाजार चढतो.

महाराष्ट्रात हा माल निघतो तो रासायनिक पट्ट्यांतून: तारापूर-बोईसर, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ. सीमेपलीकडे वापी, सरीगाम आणि अंकलेश्वर आहेतच. न्हावा-शेवा बंदरातून आयात रसायनाबरोबर आलेली टाकी रिकामी परत पाठवणं परवडत नाही, ती इथल्याच बाजारात फिरते. त्यामुळे ठाणे, रायगड, पालघरात निवड भरपूर मिळते; मराठवाड्यात आणि विदर्भात त्याच टाकीवर भाडं चढतं.

हे भाडं हलक्यात घेऊ नका. टाकी 1.2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि सुमारे 1.16 मीटर उंच; वजन नाही, पण जागा खाते. ट्रकच्या 20 फूट लांब, 7 फूट रुंद हौद्यात तळाला 10 जेमतेम बसतात, दुहेरी रचल्या तर 20. दुहेरी रचताना उंची आणि दोरबंद दोन्ही बघा. पिकअपमध्ये तळाला दोनच. म्हणून एक-दोन टाक्यांसाठी वापी गाठण्यात अर्थ नाही. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून गाडी भरावी. राज्याबाहेरून 50,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल आणला तर ई-वे बिल (जीएसटीची माल वाहतुकीची ऑनलाइन पावती) लागतं; महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाखाची आहे.

मागणी हंगामी आहे. फेब्रुवारीपासून पाण्याच्या साठ्यासाठी चौकशी वाढते. नाशिक, सांगलीकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी जवळ आली की स्लरीसाठी (खताच्या पातळ द्रावणासाठी) टाक्या उचलल्या जातात. घाई नसेल तर पावसाळ्यात घ्या. पुढे काय? 2022 च्या प्लॅस्टिक वेष्टन नियमांनी 4.9 लिटर आणि त्यावरच्या कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनांच्या पुनर्वापराचं बंधन ब्रँड मालकांवर घातलं आहे. त्यामुळे उत्तम माल कंपन्यांकडेच परत ओढला जाईल आणि शेतकऱ्यापर्यंत दुय्यम माल जास्त येईल, असा आमचा अंदाज आहे. पारख आली पाहिजे ती म्हणूनच.

पहिली नजर जाळीवरच्या पत्र्याच्या पाटीवर. त्यावर टाकीचा प्रकार सांगणारा 31एचए1 हा संकेत, पुढे किती धोकादायक माल चालतो ते सांगणारं वाय किंवा झेड, आणि बनवल्याचा महिना-वर्ष असतं. मग बाटलीवर घड्याळासारखी उठावदार तबकडी शोधा. तिचा बाण महिना दाखवतो. पाटी जुनी आणि तबकडी नवी असेल तर जुन्या जाळीत नवी बाटली घातली आहे. हा दोष नाही, उलट चांगलंच, पण विक्रेत्याने ते सांगायला हवं. धोकादायक मालासाठी प्लॅस्टिकच्या टाकीचं आयुष्य बनवल्यापासून 5 वर्षं धरतात आणि दर अडीच वर्षांनी तिची तपासणी लागते. पाण्यासाठी घेताना हा नियम आड येत नाही, पण पाच वर्षं उन्हात उभी राहिलेली बाटली ठिसूळ होते. कोपऱ्यावर अंगठा दाबा. पांढुरक्या केसासारख्या रेषा दिसल्या तर सोडून द्या.

मूळ लेबल खरवडलेली टाकी घेऊ नका. ग्लुकोज सिरप, सॉर्बिटॉल किंवा खाद्यतेलाची टाकी सर्वात बरी. कीटकनाशक, सॉल्व्हंट, रेझिन यांची कितीही स्वस्त असली तरी नको. एचडीपीई काही रसायनं अंगात मुरवून घेतं, नंतर ती हळूहळू पाण्यात सोडतं. घातक रसायनाने माखलेले रिकामे डबे 2016 च्या घातक कचरा नियमांत परिशिष्ट 1 च्या 33.1 क्रमांकावर येतात. कारखान्याला ते 90 दिवसांत हलवावे लागतात, आणि तेही अधिकृत ठिकाणीच. म्हणून विक्रेत्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मागा आणि बिलावर आधीच्या मालाचं नाव लिहून घ्या. पिण्याचं पाणी साठवायचं असेल तर जुनी टाकी विचारात घेऊ नका.

व्हॉल्व्ह जागेवर तपासा. 50 लिटर पाणी घाला, टाकी पुढे कलवा, दांडा पाच-सहा वेळा उघडबंद करा आणि दहा मिनिटं थेंब बघा. गळती बहुधा वॉशरमधून असते. ईपीडीएम रबराचा वॉशर पाणी, सौम्य आम्ल, अल्कली सोसतो, पण तेलात फुगतो. तेलाच्या टाकीला व्हायटॉन रबराचा लागतो. तोटीचा आटा बहुतेक वेळा एस 60 बाय 6 हा 60 मिमी व्यासाचा जाड आटा असतो. त्यावर नळाचा दोन इंची जोड बसत नाही, जोर लावला तर आटा मोडतो. अ‍ॅडॉप्टर आधीच घ्या.

धुण्यासाठी साधारण 60 अंशांचं 25 लिटर पाणी आणि अर्धा किलो धुण्याचा सोडा घाला, टाकी चारही बाजूंना लोळवा, पाणी काढून टाका; मग साध्या पाण्याने तीनदा. निर्जंतुक करायला टाकी भरून 33 टक्के क्लोरीनची 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी ओता. 12 तासांनी सोडून द्या. आधीच्या वेळी आम्ल होतं अशी शंका असेल तर ब्लीचिंग अजिबात वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. टाकीचा वरचा भाग कापायचा असेल तर ग्राइंडर लावण्याआधी टाकी काठोकाठ पाण्याने भरा आणि पाण्याच्या पातळीच्या लगत कापा, कारण आत उरलेल्या वाफेला ठिणगी पुरते.

भरलेली टाकी 1,060 किलोची होते, त्यामुळे तिला विटांचा सपाट चौथरा हवा, नुसती मुरमाड जमीन पुरत नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून उजेड जातो आणि आठवड्याभरात शेवाळ धरतं. एचडीपीईवर रंग टिकत नाही. काळा कागद किंवा दुहेरी शेडनेट जाळीबाहेरून गुंडाळा. जीवामृतासाठी वापरताना 800 लिटरवर भरू नका, फेस वर येतो. झाकण सैल ठेवा आणि घालण्याआधी शेण कापडातून गाळा, नाहीतर दोन इंची व्हॉल्व्ह पहिल्याच आठवड्यात चोंदतो.