कोकणातल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला नवा कोच नेमताना

शोध फेब्रुवारीत सुरू करा. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर कोच शोधायला निघालात तर चांगली माणसं तोवर दुसरीकडे शब्द देऊन बसलेली असतात. मग प्राचार्यांच्या किंवा संस्थाचालकांच्या ओळखीतला, कधीकाळी चांगला खेळलेला कुणीतरी बोलावला जातो, आणि मुलांची नावं पाठ होईपर्यंत विद्यापीठाच्या विभागीय फेरीचं पत्र येऊन पडतं. फेब्रुवारीत जाहिरात, मार्चमध्ये मैदानावरची चाचणी, एप्रिलमध्ये करार, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कोच मैदानावर, असा क्रम ठेवा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांना तो जमतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कॉलेजांनी आपापलं स्पर्धांचं वेळापत्रक बघून तो पुढेमागे करावा.

आधी काम लिहून काढा

जाहिरातीत ‘अनुभवी फुटबॉल प्रशिक्षक पाहिजे’ एवढंच छापलं तर येणारे अर्जही तेवढेच मोघम असतात. एक पानभर कामाचं वर्णन लिहा. ते लिहायला क्रीडा संचालक, जिमखान्याचे एक शिक्षक, कर्णधार आणि मुलींच्या संघातली एक खेळाडू अशा चौघांनी बसावं. त्या पानावर चार गोष्टी आल्याच पाहिजेत.

पहिली, मैदान. टेप लावून मोजा. नियमाप्रमाणे मैदानाची लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 मीटर चालते. मोठ्या सामन्यांना साधारण 105 बाय 68 असतं. तुमचं मैदान सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असेल आणि एका बाजूला कातळ उघडा पडल्यामुळे रुंदी 50 मीटरच मिळत असेल, तर ते स्पष्ट लिहा. अरुंद मैदानावर वर्षभर सराव केलेला संघ मुंबईत रुंद मैदानावर उतरला की दोन्ही बगलांना मोकळी जागा सुटते आणि त्या बगला सांभाळणारी विंगबॅकची मुलं साठाव्या मिनिटाला थकतात. ही अडचण अर्ज करणाऱ्याला आधी कळली तर तो उपाय घेऊन येतो.

दुसरी, वेळ. सराव साडेचारला सुरू होतो असं वेळापत्रकात असतं, पण शेवटच्या प्रॅक्टिकलमधून मुलं पावणेपाचला सुटतात आणि आडगावची वस्तीची गाडी सव्वासहाला निघते. म्हणजे कपडे बदलणं आणि स्टँड गाठणं धरलं तर हातात नव्वद नव्हे, सत्तर-पंचाहत्तर मिनिटं. प्रत्येक खेळाडूची शेवटची एसटी किती वाजता, याची यादी वर्णनाला जोडा.

तिसरी, कोकणातलं वर्ष. जूनअखेर ते जुलै भातलावणी, तेव्हा खेडेगावातली मुलं शेतात असतात. किनाऱ्यावरच्या मासेमार घरांतल्या मुलांचं उलटं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असल्यामुळे ती त्या काळात नियमित येतात आणि ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की गळू लागतात. गणपतीत अख्खा संघ घरी. मार्चमध्ये शिमगा, एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि आंब्याचं काम. हे ज्याला माहीत नाही तो कोच ‘मुलांमध्ये शिस्त नाही’ म्हणत चिडतो आणि नोव्हेंबरपर्यंत निघून जातो. ज्याला माहीत आहे तो जुलैत किनाऱ्यावरच्या मुलांवर जास्त काम करून घेतो आणि गणपतीच्या सुट्टीसाठी प्रत्येकाच्या हाती घरच्या व्यायामाचा कागद देतो.

चौथी, अधिकार. संघ कोण निवडणार, जखमी मुलाला बसवायचं कोण ठरवणार, प्रवासाचा खर्च कोण मंजूर करणार. विद्यापीठाचे पात्रता अर्ज, वयाचे दाखले, ओळखपत्रं ही क्रीडा संचालकांची कामं. सराव, संघनिवड आणि सामन्यातले बदल कोचचे. हे कागदावर आणलं नाही तर पहिल्याच पराभवानंतर दोघांत तंटा होतो आणि त्यात मुलं भरडली जातात. संस्थाचालकांच्या भाच्याला संघात घ्या असा निरोप येऊ शकतो. तो आलाच तर कोणी काय उत्तर द्यायचं, हेही याच पानावर ठरवून ठेवा.

प्रमाणपत्रं कशी वाचावीत

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांचा क्रम खालून वर ई, डी, सी, बी, ए आणि प्रो असा आहे. ई आणि डी हे सुरुवातीचे टप्पे. सी पासून पुढचे परवाने आशियाई महासंघाच्या चौकटीतले, म्हणून त्यांना जास्त मेहनत लागते. कॉलेजच्या मुख्य कोचकडे सी असेल तर उत्तम. चांगला डी परवानाधारकही चालेल, पण तो पुढच्या दोन वर्षांत सी करणार हे करारात घाला आणि त्या दिवसांची रजा द्या. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची फुटबॉल प्रशिक्षणाची पदविका हेही भक्कम प्रमाण. बी.पी.एड. आणि एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदव्या आहेत. त्या असणं चांगलं, पण त्यांना फुटबॉल कोचिंगचा परवाना समजू नका. ही गल्लत फार होते. ‘राष्ट्रीय खेळाडू’ हे शब्दही नीट तपासा: कोणती स्पर्धा, कोणतं वर्ष, कोणता वयोगट.

अर्ज कुठून येतील? सिंधुदुर्गाला गोवा लागूनच आहे आणि तिथे परवानाधारक कोच बरेच सापडतात. घाटावर कोल्हापूर आहे, पेठा-तालमींच्या फुटबॉलची मोठी परंपरा असलेलं. दोन्हीकडची माणसं जरूर बोलवा. मात्र कोल्हापूरहून आंबा घाटाने किंवा आंबोलीने रोज येणार म्हणणाऱ्याला जुलैतला घाट आठवून द्या. तो गावात राहणार असेल तरच पुढे जा. खोली शोधून देणं कॉलेजचं काम आहे, आणि कित्येकदा मानधनापेक्षा त्या खोलीवरच माणूस टिकतो.

मैदानावरची चाचणी

निवडीचा सगळा भर इथे द्या. मुलाखतीत कोणीही छान बोलतो. तीन किंवा चारच उमेदवार निवडा आणि प्रत्येकाला वेगळा दिवस द्या, कारण एका दिवशी दोन सत्रं घेतली तर दुसऱ्याच्या वाट्याला दमलेली मुलं येतात.

प्रत्येकाला सारखंच द्या: 16 खेळाडू (त्यात दोन गोलकीपर आणि दोन अगदी नवखे), 8 चेंडू, 20 कोन (खुणेचे शंकू), दोन रंगांची बिब (संघ ओळखायला वरून घालायची बंडी), साठ मिनिटं. विषय आदल्या संध्याकाळी कळवा, उदाहरणार्थ ‘गोलकीपरकडून चेंडू घेऊन मागून बाहेर कसं पडायचं’. सत्राचा आराखडा एका कागदावर लिहून मागा. चेंडू पाच नंबरचे, परीघ 68 ते 70 सेंटिमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम, आणि हवा नीट भरलेली. त्यातला एक मुद्दाम नरम ठेवा. आल्याबरोबर चेंडू दाबून बघणारा माणूस वेगळा दिसतो.

समितीतल्या एकाने घड्याळ घेऊन एकाच मुलाकडे बघत राहायचं. मधल्या फळीतला, ना चांगला ना वाईट असा मुलगा निवडा. साठ मिनिटांत त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागला, तो रांगेत किती मिनिटं उभा राहिला, याच्या खुणा कागदावर करा. लांब रांगा लावून एकेकाला गोलवर शॉट मारायला लावणारं सत्र बघायला झोकदार असतं, पण त्यात हा मुलगा निम्मा वेळ उभाच असतो. दुसऱ्याने कोचची थांबवणी मोजावी. दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजवून भाषण देणाऱ्याकडून मुलं खेळ शिकत नाहीत. तीसेक सेकंदांत एक गोष्ट दाखवून परत खेळ सुरू करणारा हवा.

आता जवळून बघण्याची जागा. जांभ्याच्या मैदानावर गोलपुढची माती झिजून तांबडा खडबडीत दगड वर आलेला असतो आणि शेजारी खळग्यात पाणी साठतं. तिथे चेंडू एकतर वेडावाकडा उडतो, नाहीतर पाण्यात थबकतो. उमेदवार मैदानावर आला की तिकडे जातो का, बुटाने दाबून बघतो का, कोन दहा पावलं पलीकडे सरकवतो का, ते पाहा. गोलकीपरला त्याच दगडावर सूर मारायला लावणारा कोच नको. तिथे कोपर आणि मांडी सोलते, आणि पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग अशाच जखमेवाटे होतो. सत्र संपल्यावर ‘कोणाला खरचटलंय का’ विचारून साबण आणि स्वच्छ पाण्याने जखम धुवायला पाठवणारा माणूस दिसला तर गुण देताना हात आखडू नका.

शंभर गुणांची वाटणी अशी करा: मैदानावरचं सत्र 40, लेखी आराखडा आणि हंगामाची योजना 20, चौकशी 20, मुलाखत 10, प्रमाणपत्रं 10. परवाना किमान पात्रतेसाठी आधीच बघितलेला असतो, म्हणून शेवटी त्याला कमी वजन. प्रत्येकाने गुण तिथेच, एकमेकांशी न बोलता लिहावेत. चहाच्या वेळी लिहायला बसलं की सगळ्यांत ज्येष्ठ माणसाचं मत सगळ्यांच्या कागदावर उतरतं.

मुलाखत आणि चौकशी

मुलाखत अर्ध्या तासाची पुरे. प्रसंग द्या आणि काय कराल ते विचारा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस, सामना 1-1, लांब गडगडाट ऐकू आला? उत्तर हवं: खेळ लगेच थांबवून सगळ्यांना पक्क्या छताखाली नेईन, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर काढणार नाही. डोक्याला डोकं आपटून मुलगा क्षणभर गोंधळला आणि आता म्हणतो मी ठीक आहे? उत्तर हवं: त्याला बाहेर घेईन, त्या दिवशी परत उतरवणार नाही आणि डॉक्टरांना दाखवीन. इथे ‘सामना कोणता आहे त्यावर अवलंबून’ असं कोणी म्हणालं तर त्याचे बाकीचे गुण मोजत बसू नका.

चौकशीसाठी उमेदवाराने दिलेल्या नावांवर थांबू नका. आधीच्या ठिकाणचे क्रीडा संचालक, तिथला एक माजी खेळाडू आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या एखाद्या संघाचा कोच, अशा तिघांना फोन करा. मुलींच्या संघाचंही काम असेल तर चौथा फोन माजी महिला खेळाडूला, आणि तो महिला शिक्षिकेनेच करावा. ‘माणूस कसा आहे’ विचारलं की ‘चांगला आहे’ एवढंच मिळतं. विचारा: किती सराव चुकवले? बाकावरच्या मुलांशी कसा वागायचा? तुमच्याकडे जागा असती तर परत बोलावलं असतं का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प राहतो, तेही टिपून ठेवा.

पोलीस पडताळणी न चुकता करा. अकरावी-बारावीची मुलं त्याच मैदानावर असतात, ती बहुतेक अठराच्या आतली असतात आणि 2012 चा पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा तिथे लागू आहे. मुलींच्या प्रत्येक दौऱ्यात महिला शिक्षिका सोबत असेल, हे कोचच्या करारात नव्हे तर कॉलेजच्या जबाबदारीत लिहा.

करार

मानधन महिन्यावर ठरवा, सत्रावर नाही. सत्रावर ठरवलं की पावसाने सराव बुडला म्हणजे पैसे बुडाले. मग कोच एकतर चिखलात, विजांत मुलांना उतरवतो किंवा दुसरं काम धरतो. टीडीएस कापून हातात किती येणार ते सहीच्या आधीच सांगा. अकरा महिन्यांच्या कराराची सवय सगळीकडे आहे, पण तो एप्रिल-मेमध्ये संपला तर नेमक्या नव्या खेळाडूंच्या निवडीच्या वेळी कोच अधांतरी असतो. दोन हंगामांचा करार करा आणि जानेवारीत लेखी आढावा ठेवा. त्या आढाव्यात फक्त जिंकलेले सामने मोजू नका. हजेरी, दुखापती, पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षी टिकली, हेही मोजा.

सामानाचा आकडा करारालाच जोडा. 22 खेळाडूंना किमान 12 चेंडू, 40 कोन, दोन रंगांची बारा-बारा बिब, चेंडूचा पंप आणि चार सुया, प्रथमोपचाराची पेटी. चिखलासाठी स्टडचे बूट नसलेल्या मुलांची सोय जिमखान्यातून करा. साध्या बुटांनी ओल्या मैदानावर घसरून गुडघे आणि घोटे दुखावतात.

पहिले सहा आठवडे

जुन्या कोचला सन्मानाने बोलावून एक दिवस दोघांना एकत्र बसवा. कोणाचा घोटा जुना दुखरा आहे, कोणाला दमा आहे, कोणाच्या घरून खेळायला विरोध आहे, हे कुठल्याही नोंदवहीत नसतं. पहिल्या आठवड्यात क्षमता चाचणी घेऊ नका. सुट्टीवरून आलेल्या मुलांना ताण दिला की मांडीचा स्नायू धरतो. तिसऱ्या आठवड्यात कूपर चाचणी घ्या, म्हणजे बारा मिनिटांत कोण किती अंतर पळतं ते मोजा. ट्रॅक नसेल तर टेपने 200 मीटरचा फेरा आखा, आणि तीच चाचणी त्याच फेऱ्यावर नवव्या आठवड्यात परत घ्या. कर्णधार सहा आठवडे बदलू नका.

प्रवासाची पहिली परीक्षा मुंबईच्या दौऱ्यात होते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दुपारी पोचेल अशीच गाडी धरा. रात्रभर बसून आलेल्या मुलांना सकाळी नवाला मैदानावर उतरवायचं नाही, ही अट क्रीडा संचालकांनी स्वतःवर घालून घ्यावी आणि आरक्षणाचे पैसे विभागीय फेरी सुरू व्हायच्या आधीच जिमखान्याच्या खात्यात बाजूला काढून ठेवावेत.