व्हँकुव्हरला नवीन आलात? पहिल्याच वर्षी यूबीसीतला चुंग संग्रह बघून घ्या

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्या लोकांचे प्रश्न सुरू होतात. बेसमेंट सुइट कुठे मिळेल, सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर कुठे काढायचा, एमएसपीचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड येईपर्यंत आजारी पडलो तर काय, तूरडाळ कुठे चांगली मिळते. या सगळ्याची उत्तरं द्यायला ग्रुपवर चिक्कार माणसं आहेत आणि ती मनापासून देतात. मी मात्र अशा एका जागेबद्दल लिहितेय, जिच्याविषयी कोणी विचारत नाही, आणि तरी भेटलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी ती सांगते. यूबीसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या, ग्रंथालयातला चुंग संग्रह: इथे आलेल्या चिनी लोकांच्या आणि त्यांना आणणाऱ्या बोटींच्या जुन्या कागदांचा, वस्तूंचा ठेवा.

इथे तुम्ही राहायला लागलात की तुमचा घरमालक, शेजारी, डेंटिस्ट, मुलाच्या वर्गातला जवळचा मित्र, यांच्यापैकी कोणीतरी चिनी असणारच. रिचमंडमध्ये तर निम्म्याहून अधिक वस्ती चिनी वंशाची आहे. आपल्याकडची बरीच मंडळी वर्षानुवर्षं त्यांच्याशेजारी राहतात आणि 'चायनीज लोक' या दोन शब्दांपलीकडे त्यांना काही ठाऊक नसतं. याचं मला वाईट वाटतं. कारण या देशात परक्या चेहऱ्याच्या माणसाला आत कसं घ्यायचं, बाहेर कसं ठेवायचं, याचे नियम आधी या लोकांवर लिहिले गेले. आपण ज्या दारातून आत आलो, ते दार त्यांनी फार वर्षं ठोठावलेलं आहे. आणि त्या ठोठावण्याचे कागद यूबीसीत, नीट फोल्डरमध्ये लावून, कोणालाही बघता येतील असे ठेवलेत.

संग्रह उभा केला डॉ. वॉलेस चुंग यांनी. १९२५ साली व्हिक्टोरियात जन्मलेले, पुढे व्हँकुव्हरात नावाजलेले शल्यविशारद. त्यांच्या वडिलांचं व्हिक्टोरियाच्या चायनाटाउनमध्ये शिंप्याचं दुकान होतं आणि त्या दुकानात भिंतीवर 'एम्प्रेस ऑफ एशिया' या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या बोटीचं पोस्टर लावलेलं असे. त्यांची आई १९१९ साली याच बोटीने कॅनडाला आली होती. पोराला पोस्टरचं वेड लागलं, तो बोटींची कात्रणं जमवू लागला, आणि ते वेड आयुष्यभर टिकलं. पत्नी डॉ. मॅडेलिन चुंग याही डॉक्टर, प्रसूतितज्ज्ञ. त्यांनी या शहरात हजारो बाळंतपणं केली. दोघांनी १९९९ साली हा सगळा ठेवा यूबीसीच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. पंचवीस हजारांहून अधिक वस्तू: पत्रं, नकाशे, फोटो, पोस्टरं, मेनूकार्डं, कपबशा, हिशोबाच्या वह्या.

यात तीन धागे आहेत. ब्रिटिश कोलंबियाचा सुरुवातीचा इतिहास, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आणि तिच्या बोटी, आणि चिनी लोकांचं इथे येणं-वसणं. वरवर बघता वाटेल की एका हौशी माणसाने बोटींचं सामान आणि समाजाचे कागद एकत्र कोंबलेत. मला उलट तेच या संग्रहाचं मोठेपण वाटतं. फ्रेझर नदीच्या दरीतले बोगदे आणि पूल १८८१ ते १८८५ या काळात ज्यांनी बांधले, त्यात हजारो चिनी मजूर होते. रोजी साधारण एक डॉलर, गोऱ्या मजुरापेक्षा कितीतरी कमी, आणि सुरुंगाचं जिवावरचं काम त्यांच्याकडे. निदान सहाशे माणसं त्यात गेली. नोव्हेंबर १८८५मध्ये क्रेगेलाची इथे या रेल्वेमार्गाचा शेवटचा खिळा ठोकतानाचा जो प्रसिद्ध फोटो आहे, त्यात हे मजूर शोधून सापडत नाहीत. त्याच कंपनीच्या बोटींनी पुढे चिनी माणसं आणली. वरच्या डेकवर चांदीचे काटेचमचे, तळाला गर्दीतले बिछाने. चुंग यांनी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या. एम्प्रेस ऑफ एशियाचं मोठं मॉडेल त्यांनी स्वतः अनेक वर्षं खपून दुरुस्त केलं, तेही तिथेच आहे. खरी बोट १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूरजवळ जपानी विमानांनी बुडवली.

आता कागदांकडे या. रेल्वे पूर्ण होत आली, मजुरांची गरज सरली, आणि १८८५ सालीच चिनी माणसावर देशात शिरायचा कर बसला, ज्याला हेड टॅक्स म्हणतात. आधी ५० डॉलर, मग १००, आणि १९०३च्या कायद्याने ५००. तेव्हाच्या मजुराची ती साधारण दोन वर्षांची कमाई. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला हा कर नव्हता. ज्याने भरला त्याला पावती मिळे, तिला सी.आय. ५ म्हणतात. ती पावती एकदा जवळून बघा. कर्जरोख्यासारखी नक्षीदार किनार, वर देशाचं नाव, मध्ये छापील मजकूर: ज्याचा फोटो सोबत जोडला आहे अशा अमुक व्यक्तीकडून पाचशे डॉलर मिळाले. कोपऱ्यात त्या व्यक्तीचा फोटो. पुष्कळदा मिसरूडही न फुटलेला पोरगा, अंगावर मापात न बसणारा कोट, नजर थेट कॅमेऱ्यात. नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. सरकारी नोंदवहीत उंची, गाव, धंदा आणि चेहऱ्यावरचा तीळ किंवा व्रण हेही टिपलेलं असे.

कराने भागलं नाही म्हणून १ जुलै १९२३पासून नवा कायदा आला आणि चिनी स्थलांतर जवळपास बंदच झालं. तो १९४७पर्यंत टिकला. या चोवीस वर्षांत पन्नासहून कमी चिनी माणसं आत येऊ शकली असं सांगितलं जातं. नवरा इथे, बायको-मुलं तिकडे, अशी हजारो घरं दुभंगली. आज १ जुलैला आपण कॅनडा डेचे झेंडे घेऊन फिरतो; त्या काळी चिनी वस्तीत तो दिवस अपमानाचा दिवस म्हणून पाळला जायचा, दुकानं बंद ठेवायचे. त्याच कायद्याखाली इथे असलेल्या प्रत्येक चिनी माणसाला वर्षाच्या आत नोंदणी करावी लागली, इथेच जन्मलेल्या तान्ह्या बाळालासुद्धा. त्या प्रमाणपत्रावर छापलेलं असे की या कागदाने कॅनडातला कायदेशीर दर्जा सिद्ध होत नाही. परमिट हातात घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे वाक्य वाचताना पोटात कालवल्याशिवाय राहणार नाही.

असे शेकडो कागद घराघरांतल्या खणांतून, पत्र्याच्या डब्यांतून गोळा करून एक वेगळा संग्रह यूबीसीतच झालाय, 'द पेपर ट्रेल' नावाचा. २०२३ साली, त्या कायद्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, कॅथरिन क्लेमेंट यांनी समाजातल्या कुटुंबांकडून हे कागद मिळवले आणि त्यांचं प्रदर्शन केलं. कितीतरी घरांत आजोबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ते गेल्यावर नातवंडांच्या हाती कागद लागले. म्हणून एक विनंती. शेजारच्या चिनी आजी-आजोबांना हेड टॅक्सबद्दल उत्साहाने धाडकन विचारू नका. त्यांना बोलायचं असेल तर तेच बोलतील.

दुसरं, सगळे चिनी सारखे समजू नका. जुनी घराणी बहुतेक करून क्वांगतुंग प्रांतातल्या ताइशान, कायपिंग, एनपिंग, शिनहुई या चार तालुक्यांतली. त्यांच्या घरात ताइशानी किंवा कँटोनीज बोलली जाते. हाँगकाँगची मंडळी १९९७ साली ते चीनकडे जायच्या आधीच्या वर्षांत मोठ्या संख्येने आली, तैवानची वेगळी, मुख्य भूमीवरून अलीकडे आलेली वेगळी. चायनाटाउनमधल्या म्हाताऱ्या दुकानदाराशी फोनवरून शिकलेली मँडरिन बोलून उपयोग नाही. मुंबईकरांना यात एक ओळखीची खूण सापडेल. माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, नवाब टँक रोडवर १९१९ सालचं चिनी मंदिर आहे, सी यिप कून. ते याच चार तालुक्यांतल्या लोकांनी बांधलेलं आहे. एकाच भागातली माणसं, काही माझगाव गोदीत उतरली, काही व्हिक्टोरियात.

आणि आपली बाजू? ब्रिटिश कोलंबियात चिन्यांचा मतदानाचा हक्क १८७०च्या दशकातच काढला होता. १९०७ साली हिंदुस्थानी लोकांचाही काढला. १९०८मध्ये मायदेशाहून सलग प्रवास करून आलं तरच प्रवेश, असा नियम केला. तो मुख्यतः आपल्याकडच्यांना अडवायला होता, कारण तसा प्रवास करणं जवळपास अशक्य होतं. १९१४च्या मे महिन्यात कोमागाटा मारू ही बोट ३७६ प्रवाशांना घेऊन इथल्या बंदरात आली, बहुतेक पंजाबी. दोन महिने ताटकळत ठेवून जुलैत बोट परत पाठवली. मत परत मिळालं ते १९४७ साली, चिनी आणि भारतीय, दोघांना बरोबरच. कोमागाटा मारूची कागदपत्रं सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर आणलीत, घरबसल्या वाचता येतात. ती चुंग संग्रहाच्या जोडीने वाचा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच कारखान्यातून निघाल्या हे आपोआप दिसेल.

जायचं कसं ते सांगते. स्कायट्रेनने कमर्शियल-ब्रॉडवेला उतरून ९९ बी-लाइन बस धरा, किंवा जॉइस-कॉलिंगवुडहून आर४ बस. दोन्ही थेट यूबीसीला जातात, कंपास कार्ड चालतं. आवारात आयर्विंग के. बार्बर लर्निंग सेंटर विचारा. जुन्या दगडी ग्रंथालयाभोवती बांधलेली नवी इमारत. त्यात चुंग-लिंड दालन आहे. २०२४ साली उघडलं, चुंग यांच्या वस्तूंबरोबर कॅनडाच्या उत्तरेतल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेल्यांचा फिल लिंड यांचा संग्रहही तिथेच. बघायला पैसे पडत नाहीत, विद्यार्थी असण्याची अट नाही. मुलांना जरूर न्या, बोटीपाशी ती रमतात.

मूळ कागद हाताळायचे असतील तर दुर्मीळ ग्रंथ विभागाची वाचनखोली त्याच इमारतीत आहे. तीही सर्वांना खुली. पण वेळा आधी वेबसाइटवर बघा, आणि हवं ते साहित्य आगाऊ कळवून ठेवा. बॅग, पाण्याची बाटली, पेन बाहेर. आत फक्त पेन्सिल आणि लॅपटॉप. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. तिथल्या लोकांना 'मी संशोधक नाही, मला नुसतं समजून घ्यायचंय' असं सांगायला संकोचू नका. काय मागवावं हे तेच सुचवतात. आणि हिवाळ्यात, पाऊस थांबायचं नाव घेत नाही तेव्हा, घरातूनच यूबीसीचं 'ओपन कलेक्शन्स' हे संकेतस्थळ उघडा. चुंग संग्रहातलं बरंच साहित्य तिथे मोफत आहे. शोधताना एकाच नावाची चार स्पेलिंग करून बघा.

यूबीसीत शिकायलाच आला असाल तर एशियन कॅनेडियन अँड एशियन मायग्रेशन स्टडीजचा एखादा विषय घ्या, मूळ शाखा इंजिनिअरिंग असली तरी. ज्यांना यूबीसी लांब पडतं, त्यांनी चायनाटाउनमध्ये ५१ ईस्ट पेंडर स्ट्रीटवरचं चायनीज कॅनेडियन म्युझियम बघावं. यिप सांग या व्यापाऱ्याने १८८९ साली बांधलेली ती वास्तू आहे, त्या वस्तीतली सगळ्यात जुनी विटांची इमारत. रेल्वेसाठी मजूर आणण्याच्या कामात हा माणूस होता. त्याला तेवीस मुलं, आणि ते सगळं कुटुंब तिथेच राहायचं.

आता तुमच्या स्वतःच्या कागदांबद्दल. चुंग संग्रहात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतात त्या किरकोळ गोष्टी: दुकानाचं बिल, बोटीचं तिकीट, कोणाला तरी लिहिलेलं पत्र. कोणीतरी ते फेकलं नाही म्हणून ते राहिलं. तुमचा पहिला स्टडी परमिट, लँडिंगचा कागद, विमानाचा बोर्डिंग पास, पहिल्या घराचा करार, पहिल्या पगाराची स्लिप, एका पाकिटात घाला आणि वर तारीख टाका. फोटो छापून घ्या, पाठीमागे पेन्सिलीने नावं लिहा, पूर्ण नावं, 'काकू' किंवा 'रूममेट' नव्हे. आईशी होणारे फोन कुठेच उरत नाहीत, तेव्हा वर्षातून एखादं पत्र हाताने लिहा. मुलांना हे पाकीट कुठे ठेवलंय ते माहीत असू द्या, आणि त्यात काय आहे तेही सांगा.

मंडळाचं तर याहून निकडीचं आहे. आधीच्या पिढीतली, सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेली माणसं आता थकली आहेत. घरं लहान करताना, सीनियर्स होममध्ये जाताना खोकीच्या खोकी रिसायकलिंगला जातात. त्यात गणपतीची हाताने लिहिलेली निमंत्रणं असतात, वर्गणीच्या वह्या असतात, कोणाकडे रॉकेलच्या स्टोव्हवर पुरणपोळ्या झाल्या त्याचे फोटो असतात. तुमच्यापैकी ज्यांना आठवड्यातून एक दुपार मोकळी आहे, त्यांनी माझ्याबरोबर या. आम्ही तीन-चार जणी घरोघर जाऊन स्कॅन करतो, ज्याचं त्याला परत देतो आणि यादी ठेवतो. मोडी किंवा जुनं वळणदार हस्ताक्षर वाचता येणारं कोणी असेल तर सर्वात आधी त्याने सांगावं, कारण एका घरातून पत्रांचा गठ्ठा आलाय आणि तो आमच्यापैकी कोणालाच लागत नाहीये.